हलकी भांडी

३ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तू बोलतेस त्यातलं मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरतो आणि मग तू चिडतेस. चौतीस वर्षं ओतशाळेत काढली, कान तिथेच राहिले. कागदावर निदान तुला आवाज चढवावा लागणार नाही.

विषय भांड्यांचा आहे. तुझी आई तुझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले. कढई पडली त्या दिवसापासून मी विचार करत होतो, आणि ठरवलं की घरात हलक्या भांड्यांचा एक सेट घ्यायचा. काल दुकानात दोन तास घालवले. भांडीवाला बोलघेवडा आहे, पण धातूतलं त्याला काही कळत नाही. एक पातेलं दाखवून म्हणाला, हे तीन थरांचं. मी कड बघितली. थर फक्त बुडाला होते, वर साधा पत्रा. तसं सांगितल्यावर म्हणतो, काका, आजवर हे कुणी विचारलंच नाही. न चिकटणाऱ्या तव्यांची तर भिंतच्या भिंत होती. एकावर नख ओढून पाहिलं तर त्याने माझा हात धरला. असला लेप दोन वर्षांत आपल्या पोटात जातो, तेव्हा ते रद्द. नुसतं अ‍ॅल्युमिनियम आंबटाला चालत नाही, तेही रद्द. तांब्याला कल्हई लावणारा आता शोधायचा कुठे? राहिलं जाड बुडाचं स्टील. त्यात पाच नगांचा सेट आहे आणि सात नगांचा. सातमध्ये एक चाळणी जास्त आणि एक बुटकं भांडं, जे कशासाठी आहे ते भांडीवाल्यालाही सांगता आलं नाही. पातेल्यांचे कान दोन-दोन रिव्हेटवर बसवलेत. तीन असते तर बरं झालं असतं.

तर आईला विचारून कळव. पाच की सात? झाकणं काचेची की स्टीलची? काचेच्या झाकणातून आतलं दिसतं, पण पडलं की गेलं.

सध्या खाणावळीतून जेवण आणतो. कशालाही एकच चव असते. पाय आता भरला असेल. महिनाअखेरीस ती येईल असं धरून चाललोय, म्हणजे त्याआधी सेट घरात आलेला बरा.

बाबा

९ मार्च

बाबा,

पत्र मिळालं. दोन पानांचं. त्यात पावणेदोन पानं धातूंवर आणि आईच्या पायावर एक ओळ. 'पाय आता भरला असेल.'

नाही भरला. उकळत्या पाण्याने घोट्यापासून बोटांपर्यंतची कातडी सुटली होती, तिथे आता पातळ गुलाबी पापुद्रा धरलाय. दिवसाआड ड्रेसिंग असतं. चादरीची कड लागली तरी ती ओठ चावते. डॉक्टरांनी आधी पाय पाहिला, मग सहज तिची मनगटं हातात घेतली, आणि खरं सांगते, पायापेक्षा मनगटं बघून त्यांचा चेहरा जास्त उतरला. हे किती वर्षांचं आहे, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, असेल सहा-सात. सहा-सात वर्षं, बाबा. एक किलोच्या वर काहीही उचलायचं नाही असं त्यांनी लिहून दिलंय. तुमची बिडाची कढई रिकामी चार किलो भरते, हे तुम्हीच मला लहानपणी छाती फुगवून सांगायचात. पाणी आणि बटाटे घातले की सात. तेवढी ती रोज शेगडीवरून उतरवत होती.

आणि 'हलका सेट घ्यायचं ठरवलं' म्हणजे काय? कुणी ठरवलं? तिने तुमच्याकडे तीनदा मागितला. पहिल्यांदा मनगटं सुजायला लागली तेव्हा. तुम्ही म्हणालात, पत्र्याची भांडी भातुकलीत शोभतात. दुसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, वजन उचललं की हाताला व्यायाम होतो. तिसऱ्यांदा मी तिथेच टेबलाशी बसले होते. तुम्ही कढई उचललीत, बोटाच्या पेराने टक्क करून वाजवलीत आणि तिला म्हणालात, "ऐक आवाज. काय झालंय हिला?" कढईला काहीच झालं नव्हतं. दुखणं कढईचं नव्हतं.

माझ्या पहिल्या पगारातून मी आईला एक हलका तवा आणला होता. पुढच्या सुट्टीत आले तर तो बाल्कनीत होता. त्यात तुमचे नट-बोल्ट.

मीसुद्धा धातूच ओतते हे विसरू नका. दातांच्या प्रयोगशाळेत माझं दिवसभराचं ओतकाम एका मुठीत मावतं. पण आमच्याकडे साचा करायच्या आधी तोंडाचं माप येतं. कुणाचं तोंड आहे, हिरडी कुठे दुखरी आहे, ते बघितल्याशिवाय कवळी बनत नाही. तुम्ही एवढी वर्षं नुसता धातू बघत आलात. हाताचं माप कधी घेतलंत?

पाच की सात हे मी आईला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. महिनाअखेरीस आई येणार म्हणून त्याआधी सेट, हे वाचून माझं डोकं सणकलं. तुम्हाला जेवणाला चव हवीय. तेवढं सरळ लिहा, म्हणजे मलाही सरळ नाही म्हणता येईल.

भिंगरी

१७ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. बापाला असं लिहितात हे मला माहीत नव्हतं. आता कळलं.

ती कढई मी स्वतः ओतली आहे. तुझ्या जन्माच्या वर्षी. फोरमनने मला एक साचा स्वतःसाठी करू दिला, आणि सबंध ओतशाळेत तसा निर्दोष माल दुसरा निघाला नाही. त्या लोखंडातलं खाऊन तू वाढलीस. शाळेत सगळ्या पोरींचं रक्त कमी निघालं तेव्हा तुझं एकटीचं भरपूर होतं, हे विसरलीस. आणि तुझा तो तवा. दुसऱ्याच आठवड्यात त्याचं बूड फुगलं, शेगडीवर भोवऱ्यासारखा फिरायचा. टाकून दिला असता तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून वापरात ठेवला. तू एका शब्दाने विचारलं नाहीस, दहा वर्षं मनात धरून बसलीस.

तिला मी उचलून तीन मजले खाली आणलं हे तिने सांगितलं का? अडुसष्टाव्या वर्षी. खाली पोचल्यावर गाडीवाल्याने आधी मलाच पाणी दिलं.

सेट घेतला आहे. सात नगांचा. घरी आणून प्रत्येक नग काट्यावर ठेवला. सगळ्यात मोठं पातेलं एक किलो तीनशे. डॉक्टरांच्या आकड्यापेक्षा जरासं जास्त आहे, पण दोन्ही हातांनी धरलं तर एका हाताला साडेसहाशेच येतात. हे तिला सांग.

आणि एक विचारतो. ती स्वतः का काही कळवत नाही? मी भांडतोय तुझ्याशी आणि बोलायचंय मला तिच्याशी. तू मधे का उभी आहेस?

बाबा

२५ मार्च

बाबा,

तुमचं हे पत्र मी आईला वाचून दाखवलेलं नाही. बाबा काय म्हणतात, तिने विचारलं. मी म्हटलं, उन्हाळा सुरू झाला म्हणतात.

एका हाताला साडेसहाशे! तिची दोन्ही मनगटं गेली आहेत. दुखऱ्या दोन हातांची बेरीज करून एक धडधाकट माणूस होत नाही. सेट परत करा. दुकानदाराने घेतला नाही तर त्यातही नट-बोल्ट ठेवा, सात प्रकारचे मावतील.

मी मधे उभी आहे कारण ती तुमच्याबद्दल बोलतच नाही. तक्रार करत नाही आणि बाजूही घेत नाही. पूर्वी कशी दर दोन वाक्यांनी 'तुझे बाबा' म्हणायची. आता घरात तुमचा विषय निघाला की ती उठून दुसरं काहीतरी करायला लागते. डॉक्टरांनी विचारलं, कढई पडली कशी? ती म्हणाली, हातातून सुटली. घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा बाबा कुठे होते? तर वाळलेले कपडे ओढून घड्या घालायला बसली. त्या हातांनी, भराभर, आणि सगळ्या वाकड्या. उशीचे अभ्रे बाहीसारखे दुमडले. मी परत विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. त्या सकाळी काय झालं? तुमच्या कढईच्या जन्माची कथा नको. त्या सकाळची हवी. ती लिहिणार नसाल तर पुढचं पत्र टाकू नका, मी उघडणार नाही.

भिंगरी

२१ एप्रिल

भिंगरी,

पत्राला उशीर झाला. सुरुवात करायचो आणि फाडायचो.

सेट परत केला. भांडीवाल्याने कारण विचारलं, मी सांगितलं की घरात कुणी नाही. खाणावळीचं पोटाला सोसेना म्हणून पंधरा दिवसांपासून मीच शिजवतो. आपल्याच कढईत. पहिल्या दिवशी बटाटे उकडायला ठेवले. झाल्यावर पाणी ओतायला म्हणून कढई उचलली, तर ओट्यापासून मोरीपर्यंत चार पावलं आहेत, तिसऱ्या पावलाला हात थरथरायला लागले. ज्या हातांनी मी वितळलेल्या लोखंडाच्या रसाने भरलेली पळी धरून साचे भरले, त्या हातांनी. तशीच जमिनीवर टेकवली आणि कपाने पाणी उपसत बसलो. मग मी मोजायला लागलो. नाश्ता, जेवण, परत जेवण, घासणं, पुसणं, जागेवर ठेवणं. दिवसातून नऊ वेळा ती कढई उचलावी लागते. नऊ वेळा, आणि मी एकट्यापुरतं शिजवतोय.

हे मला आधी कळायला हवं होतं असं तू म्हणशील. म्हण.

आता ती सकाळ. मी पुढच्या खोलीत होतो. आवाज मला आला नाही, पण पायाखालची फरशी हादरली. आत गेलो तर सगळीकडे पाणी, बटाटे टेबलाखाली गेलेले, आणि ती ओट्याला धरून उभी. मी आधी कढई उचलून बाजूला घेतली, पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून, आणि मग तिला उचललं. ओला मोजा तिथेच काढायला हवा होता का, हे मला त्या वेळी सुचलं नाही. एवढंच झालं. यापेक्षा वेगळं काही नाही.

हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं. माझं काही चुकलं असेल तर तिने सांगावं, मी ऐकेन.

बाबा

२ मे

अहो,

हे मी लिहितेय. अक्षर वाकडं आहे. पेनाला कापड गुंडाळलंय, तरी चार-पाच ओळींनंतर हात बंद पडतो, म्हणून या पत्राला आठवडा लागला. भिंगरी म्हणाली, तू सांग, मी लिहिते. मी नको म्हटलं. ती मधे तिचा राग घालेल. मला माझा घालायचा आहे.

तुमचं पत्र तिने मोठ्याने वाचलं. 'पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून' इथे मी तिला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग आणखी एकदा. मला वाटलं, आपण ऐकण्यात चूक करतोय.

असं झालं नाही. कढई पडली तेव्हा मी ओट्याला धरून एका पायावर उभी होते. तुम्ही आलात आणि खाली बसलात. मला वाटलं, पाय बघायला बसलात. तुम्ही कढई उचललीत, पालथी केलीत आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवलात. सावकाश, सबंध कड, जिथून सुरू केला तिथपर्यंत. मग म्हणालात, "नशीब. तडा नाही गेला." माझ्या मोज्यातून तेव्हा वाफ येत होती. कानांना दोष देऊ नका. मी ओरडले नव्हते, ऐकण्यासारखं काही नव्हतंच. बघण्यासारखं होतं.

मग तुम्ही मला उचललंत हे खरं आहे. तीन मजले उतरवलंत, धापा टाकत, मधे एकदाही टेकला नाहीत. मी ते नाकारत नाही. पण तिन्ही मजले मला तो अंगठाच दिसत होता.

पोरीला मी हे सांगितलं नव्हतं. लाज वाटली. नवऱ्याने आपल्याआधी कढई तपासली, हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? तुमच्या त्या ओळीनंतर सांगितलं. ती उठून बाहेर गेली आणि बराच वेळ जिन्यात बसून राहिली.

इतके दिवस मी समजत होते की मला वाईट वाटलंय. माझ्या वयात वाईट वाटलं म्हणणं बरं दिसतं. पण हा राग आहे. हे कळलं त्या दिवसापासून मी दोन घास जास्त जेवते. एकेचाळीस वर्षांत मी तुमच्यावर रागावले नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी तो राग तुमच्या जेवणाच्या वेळेच्या आत आवरून टाकायचे. आता आवरायचा नाही.

भांड्यांचं सांगते. शनिवारी सकाळी पोरीच्या आधाराने इथल्या दुकानात गेले. दुकानदाराने सेट मांडायला सुरुवात केली. मी म्हटलं, सेट नको, खुर्ची द्या आणि पाणी आणा. मग एकेका भांड्यात पाणी भरायला लावलं आणि उचलून बघितलं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. अकरा भांडी झाली. त्याच्या फरशीवर तळं झालं. शेवटी कंटाळून म्हणाला, "साहेबांना घेऊन या ना, ते बघतील जड-हलकं."

मी म्हटलं, "जड-हलकं बघूनच साहेबांना घरी ठेवून आलेय."

भिंगरी इतकी हसली की तिला दाराबाहेर जावं लागलं. मला हसू आलं नाही. मी खरंच तेच म्हणत होते.

तीन भांडी घेतली. एक पसरट, लांब दांड्याचं, समोर दुसरा कान असलेलं. एक उभं पातेलं, भरलं तरी किलोच्या आतलं. आणि अंड्यापुरतं एक चिमुकलं. बूड पातळ आहे, फुगेल, तुम्ही म्हणाल. फुगलं तर दुसरं घेईन. भांडं बदलता येतं.

आता नीट वाचा. चौदा तारखेला सकाळच्या बसने मी घरी येतेय. भिंगरीचं आणि माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं, ती दोन दिवस बोलत नव्हती. तिला वाटतं मी विरघळले. मी विरघळलेले नाही. ते घर माझंही आहे. तुमचा राग आला म्हणून मी माझी खिडकी, माझी कॉट आणि माझ्या शेजारणी का सोडून द्यायच्या? पोरीच्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखी का राहायची?

मी माझ्यापुरतं माझ्या तीन भांड्यांत शिजवीन. तुम्ही तुमचं तुमच्या कढईत. नऊ वेळा उचला. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही. वाजवून बघायचं नाही, पालथं घालून बघायचं नाही. बसवर उतरवून घ्यायला यायचं नाही. भिंगरी सोबत आहे, ती मला दारापर्यंत सोडेल आणि तशीच परत जाईल. तिला चहा विचारू नका, ती घेणार नाही.

आणि त्या सकाळी काय झालं ते तुमच्या हाताने खरं लिहून पाठवा, मी निघायच्या आत. नाही पाठवलंत तरी मी येणारच आहे. पण मग तुम्ही काही बोललात तर मलाही ऐकू येणार नाही.

मी

९ मे

तुला,

हे पत्र भिंगरीच्या पत्त्यावर आहे, पण पाकिटावर नाव तुझं घातलंय. तूच उघड.

ओट्याची डावी बाजू रिकामी केली. तिकडची शेगडी तुझी. फळ्यांपैकी मधली तुला ठेवली आहे, वाकावंही लागणार नाही आणि हात वर करावा लागणार नाही. खिळे पक्के केलेत. बसवर येणार नाही. तू येशील त्या वेळी मी घरात असू की बाहेर जाऊ, ते तू लिहिलं नाहीस. मी असेन. बाहेर पाठवायचं असेल तर दारातून सांग.

आता त्या सकाळचं. चार कागद लिहून फाडले, हा पाचवा.

तू लिहिलंस तसंच झालं. जागा करायला मी कढई उचलली नव्हती. तडा बघायला उचलली होती. कड सबंध तपासली आणि तू लिहिलेस तेच शब्द बोललो. भिंगरीला लिहिताना मी ते बदललं, कारण तिच्या डोळ्यांसमोर ते यायला नको होतं.

पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं की चौतीस वर्षं ओतशाळेत ओतलेला माल असाच तपासत आलो, हात आपोआप गेला, तुझा पाय मला दिसलाच नव्हता. चांगलं वाक्य होतं. बाकीच्या तीन कागदांवरही ते तसंच उतरवलं. तुला ते कदाचित पटलंही असतं.

पाय दिसला होता. खाली बसलो तेव्हा समोरच होता. वाफही दिसली. तरी मी आधी कढई उचलली.